विवाह इथला, परवाना तिथला



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार तर दुष्काळावर आणि पाटबंधाऱ्यांवर बोलावे, अशी आपली रीत आहे. त्या ओळीत ‘परदेशी असलेल्या जोडीदाराकडे जाण्याची रीत’ हा विषय पाहून काही श्रोत्यांच्या मनात आले असेल की, हा तर एजंटाच्या कचेरीतला विषय. येथे त्याचे काय काम? हा प्रश्न आम्ही गैर मानीत नाही. परंतु आपल्या आठही तालुक्यांत आज अशी घरे आहेत की ज्यांची लेक, सून किंवा अलीकडे जावईसुद्धा, लग्न होऊन कित्येक महिने झाले तरी जोडीदाराच्या देशी जाऊ शकलेली नाहीत. लग्नात अक्षता टाकायला सारा गाव होता. पुढल्या वाटेवर मात्र त्या घराला एकट्याने चालावे लागते. म्हणून हा विषय चार लोकांत बोलला पाहिजे असे आम्हांला वाटते.

आमचे म्हणणे आरंभीच थोडक्यात सांगून टाकतो. आपल्याकडे लग्न माणसांच्या साक्षीने सिद्ध होते, परक्या देशात ते कागदाने सिद्ध करावे लागते. आणि ज्या व्यक्तीवर ते सिद्ध करण्याची पाळी येते, तिच्या हाती बहुधा तिचे स्वतःचे कागदच नसतात. दुःखाचे मूळ समुद्राच्या रुंदीत फारसे नाही, या विपरीत गोष्टीत आहे. आजचे व्याख्यान या एका मुद्द्याभोवती आहे.

प्रथम थोडे मागे पाहू. आपल्या जिल्ह्याला दूरदेश नवीन नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचे नाव आहे. येथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरात जाई आणि तेथून पश्चिमेकडे, असे तो ग्रंथकार सांगतो. तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली आणि इटलीतल्या पाँपेई येथे सापडलेली बाहुली यांचे साम्य विद्वानांनी दाखवले आहे. माल समुद्र ओलांडून गेला, त्याची नोंद राहिली. पण मालाबरोबर जी माणसे गेली त्यांच्या घरच्यांचे काय झाले, हे कोणी लिहून ठेवले नाही. माल पोचवणे सोपे आणि माणूस पोचवणे अवघड, हे तेव्हापासूनचे आहे असे म्हणावयास हरकत नाही.

फार दूरही जायला नको. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि शेजारचे बार्शी इंग्रजी इलाख्यात. आपल्या वडीलधाऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर इकडे मोगलाई, तिकडे इंग्रजी. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. नाक्यावर करोडगिरीचे लोक मालावर जकात घेत. पण सोयरिकी दोन्ही बाजूंनी होत आणि वऱ्हाडाच्या गाडीला लग्नाचा दाखला कोणी विचारीत नसे. राज्ये दोन असली तरी लग्न एकच मानले जाई. नवरी म्हटली की ती नवरी, एवढे पुरे होते.

समुद्रापलीकडचे सुप्रसिद्ध मराठी उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. त्या १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. नवरा मागे राहिला आणि बायको पुढे गेली. पुढे गोपाळरावही त्यांच्या मागोमाग अमेरिकेस गेले आणि १८८६ साली, आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाल्यावर, दोघे मिळून परत आले. तेव्हा जोडीदाराकडे परदेशी जाणारा आपल्यातला एक आरंभीचा प्रवासी हा नवरा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आनंदीबाईंना अडवले ते कोणी? अमेरिकेच्या बंदराने नव्हे. त्या काळी हिंदी प्रवाशाला तेथे व्हिसा लागत नसे. त्यांना अडवू पाहिले ते आपल्याच लोकांनी: समुद्रगमन निषिद्ध, बाईने एकटीने जाणे त्याहून निषिद्ध. श्रीरामपूरच्या कॉलेजात जाहीर भाषण करून त्यांना आपल्या जाण्याची कारणे सांगावी लागली. त्या काळी अडथळा इथल्या उंबरठ्यावर होता. आज इथला उंबरठा मोकळा झाला आहे. परदेशी स्थळ आले की आपण अभिमानाने सांगतो. अडथळा आता तिथल्या दारात जाऊन बसला आहे.

तो तेथे कसा गेला, हे पाहण्यासारखे आहे. दक्षिण आफ्रिकेत १९१३ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती सर्ल यांच्यापुढे एक खटला आला. मरियम नावाच्या बाई आपल्या नवऱ्याकडे राहण्यास हिंदुस्थानातून आल्या होत्या. त्यांचे लग्न मुसलमानी धर्माप्रमाणे लागलेले. ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्याची मोकळीक आहे त्या धर्माने लागलेले लग्न येथल्या कायद्याने लग्न नव्हे, असा निकाल झाला. या एका निकालाने हिंदू, मुसलमान, पारशी अशा सगळ्यांच्या धर्मपत्नी त्या देशात कायद्याच्या दृष्टीने कोणीच उरल्या नाहीत. सत्याग्रहाच्या त्या पर्वात स्त्रिया उतरल्या, त्याचे हे एक मोठे कारण. कस्तुरबांनी तीन महिन्यांची सक्तमजुरी सोसली ती त्याच वर्षी. १९१४ च्या कायद्याने एका पत्नीपुरता विवाह मान्य झाला. ‘मी या माणसाची बायको आहे’ एवढे एक वाक्य खरे ठरावे म्हणून आपल्या बायकांना तुरुंगात जावे लागले, हे आपण शाळेत शिकतो खरे, पण त्याचा आजच्या व्हिसाच्या कागदाशी संबंध आहे हे ध्यानात घेत नाही.

कॅनडाची गोष्ट याच सुमाराची. १९०८ च्या एका हुकुमाने, आपल्या देशातून न थांबता थेट प्रवास करून आलेल्यालाच उतरू द्यावे, असा नियम झाला; आणि हिंदुस्थानातून तशी थेट बोट सहजी मिळतच नसे. तेथे आधीच गेलेल्या पंजाबी पुरुषांच्या बायका इकडेच अडकल्या. १९१२ साली व्हँकुव्हर बंदरात दोन शीख गृहस्थांच्या पत्नी उतरल्या, तेव्हा त्यांना राहू दिले ते केवळ मेहेरबानी म्हणून, पुढे कोणी त्याचा आधार घेऊ नये अशा बेताने. बायका-मुलांना आणण्याची नियमित परवानगी १९१९ मध्ये मिळाली. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आशियाच्या बहुतेक भागाला दार बंद केले, १९४६ साली हिंदी लोकांना वर्षाला १०० जागा दिल्या आणि १९६५ च्या कायद्याने वंशावर बेतलेले कोटे मोडून कुटुंब एकत्र येण्याला अग्रक्रम दिला. आपले मराठी डॉक्टर आणि इंजिनिअर तेथे मोठ्या संख्येने गेले ते त्यानंतर.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली असा निर्णय दिला की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि सरकारला मन मानेल तसा पासपोर्ट नाकारता येणार नाही. त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. म्हणजे घरातून बाहेर पडण्याचा हक्क आपल्याला मिळाला. परंतु दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. तो त्या घरधन्याच्या मर्जीवर. आजची सगळी रीत या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

आता त्या रीतीकडे वळू. देशोदेशी नियम निराळे आहेत आणि ते बदलत असतात. तेव्हा कोणत्या खिडकीवर किती पैसे भरायचे हे आम्ही सांगणार नाही. पण पायऱ्या सगळीकडे जवळपास सारख्याच आहेत.

पहिली पायरी घरातली. लग्नाची नोंद. आपल्याकडे सप्तपदी झाली की लग्न झाले, आणि कायद्यानेही ते खरे आहे. हिंदू विवाह कायद्यात नोंद नाही म्हणून विवाह रद्द होत नाही. पण वकिलातीतला अधिकारी सप्तपदीला नव्हता. त्याला दाखला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या फेब्रुवारीत सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना सांगितले. महाराष्ट्रात १९९८ चा कायदा आहे; गावी ग्रामसेवकाकडे नोंद होते, तीन साक्षीदार लागतात. एवढे सोपे असून लग्नाच्या गडबडीत ते राहते. ‘मागाहून करू’ म्हणतात. मग नवरा रजा संपून निघून जातो, भटजी दुसऱ्या गावी असतात, साक्षीदार पुण्याला नोकरीला असतो, आणि एका सहीसाठी महिने जातात. दाखला मिळाल्यावर तो परदेशात चालावा म्हणून त्यावर परराष्ट्र खात्याची ‘अपोस्टिल’ नावाची मोहोर घ्यावी लागते. भारत त्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ साली सामील झाला. जे देश करारात नाहीत त्यांच्यासाठी वकिलातीचा वेगळा शिक्का.

दुसरी गोष्ट नावाची, आणि येथे आपल्या रीतीभाती आडव्या येतात. मुलीचे नाव शाळेत वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव लावून. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरा नवे नाव लिहितो. निमंत्रणपत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’ पुढे घरातले लाडके नाव छापलेले. आधार कार्डावर मधले नाव नवऱ्याचे, बँकेत नुसते आद्याक्षर, आणि पासपोर्टवर इंग्रजी स्पेलिंग भलतेच. आपल्याला ठाऊक असते की या चारही बायका एकच आहेत. परक्या अधिकाऱ्याला त्या चार दिसतात. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा आपल्या देशात कायदा नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. तांदळातले नाव तांदळातच ठेवावे आणि कागदावर पहिलेच नाव चालू द्यावे, यात सासरचा काही अपमान नाही. ज्यांना बदलायचेच असेल त्यांनी राजपत्रात प्रसिद्ध करून सगळीकडे एकाच वेळी बदलावे.

जन्मतारखेचेही असेच. आपल्या भागात एका पिढीचे निम्मे लोक १ जूनला जन्मलेले! मास्तरांनी शाळेत घालताना लिहिली ती तारीख. जन्माची नोंद १९६९ च्या कायद्याने सक्तीची झाली, पण खेड्यापाड्यांतून ती पुढे कित्येक वर्षे राहून जात असे. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूरच्या परिसरात घरे जमीनदोस्त झाली, तेव्हा माणसांबरोबर घरातले कागदही मातीखाली गेले. अशा वेळी नोंद सापडत नसल्याचा, म्हणजे अनुपलब्धतेचा, दाखला घेऊन शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. वाट आहे, पण लांबची.

तिसरी पायरी तिकडच्या जोडीदाराची. बोलावणे त्याने पाठवायचे असते आणि तो तेथे कोण आहे यावर सारे अवलंबून असते. ‘जावई अमेरिकेत आहे’ एवढे वाक्य पुरेसे नाही. तो तेथला नागरिक असेल तर त्याच्या पत्नीला संख्येची मर्यादा नाही. नुसता कायमचा रहिवासी, म्हणजे ग्रीन कार्डवाला, असेल तर वर्षाला ठराविक जागा, आणि रांग. नोकरीच्या तात्पुरत्या परवान्यावर असेल तर पत्नीला ‘आश्रित’ म्हणून वेगळा व्हिसा. जावयाची नोकरी गेली की दोघांचाही पाया डळमळतो. स्थळ पाहताना आपण पगार विचारतो, घर विचारतो, पत्रिका पाहतो. व्हिसाचा प्रकार विचारणे मात्र आपल्याला अडाणीपणाचे वाटते. खरे तर पत्रिकेतल्या मंगळापेक्षा तो अधिक परिणाम करणारा ग्रह आहे.

चौथी पायरी पैशाची. प्रेम किती हे मोजता येत नाही, म्हणून उत्पन्न मोजतात. अमेरिकेत बोलावणाऱ्याला, सरकारने आखलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न दाखवून पत्नीच्या पोषणाची लेखी हमी द्यावी लागते. ब्रिटनने २०१२ साली वार्षिक १८,६०० पौंडांची अट घातली आणि ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड केली. आखाती देशांत परवाना नवऱ्याच्या पगारावर मिळतो. म्हणून आपल्याकडून दुबईला बांधकामावर किंवा गाडीवर गेलेला मजूर वर्षानुवर्षे पैसे पाठवतो, पण बायकोला नेऊ शकत नाही. मोठ्या पगाराचा इंजिनिअर मात्र लगेच नेतो. गरिबाच्या संसाराचे दोन तुकडे होतात, ते कोणाच्या मर्जीने नव्हे, पगाराच्या आकड्याने.

काही देशांत भाषेचीही परीक्षा आहे. ब्रिटनमध्ये २०१० च्या नोव्हेंबरपासून इंग्रजीची. जर्मनीत २००७ पासून जोडीदाराने निघण्यापूर्वीच जर्मनची पहिली परीक्षा द्यावी लागते. उच्च कौशल्याच्या नोकरदारांच्या जोडीदारांना त्यातून सूट आहे. उमरग्याच्या मुलीने मॅक्सम्युलर भवनाची परीक्षा देण्यासाठी पुण्यात खोली घेऊन राहावे, हा संसाराचा पहिला अध्याय. हे वाईट आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. परक्या गावी दुकानदाराशी, डॉक्टरशी आणि प्रसंग पडला तर पोलिसाशी स्वतः बोलता येणे, हे पुढे तिचे फार मोठे रक्षण ठरते.

त्यानंतर वैद्यकीय तपासणी आणि पोलिसांचा दाखला; ब्रिटनसाठी क्षयाची तपासणी. हे सरळ असते, त्यावर अधिक बोलण्याचे कारण नाही. पण यातूनही किती अपमान होऊ शकतो त्याचे एक उदाहरण इतिहासात आहे. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, लग्नासाठी आलेल्या एका भारतीय स्त्रीची ती कुमारी आहे की नाही हे पाहण्यासाठी शारीरिक तपासणी करण्यात आली. वर्तमानपत्रांत बभ्रा झाला, आपल्या सरकारने निषेध केला, आणि तो प्रकार बंद करावा लागला. तपासणाऱ्याच्या मनात गृहीत असे होते की, खरी भारतीय नवरी कशी असते हे आपल्याला ठाऊक आहे.

शेवटची पायरी मुलाखतीची, आणि येथेही तेच गृहीत वेगळ्या रूपाने समोर येते. गोरोबाकाकांची गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तेरला संतमेळा जमला असता काकांनी थापटणे हाती घेऊन एकेकाचे डोके थापटून पाहिले, कोणते मडके भाजले आहे आणि कोणते कच्चे. वकिलातीतला अधिकारी हेच करतो. त्याला लग्न थापटून पाहायचे असते. लग्नाच्या नावाखाली नुसता परवाना मिळवणारे लोक आहेत, म्हणून ही तपासणी असते, आणि तिला संपूर्ण अन्याय म्हणता येणार नाही. परंतु काकांना मातीची ओळख होती. येथे थापटणारा एका मातीचा आणि मडके दुसऱ्या मातीचे. तो विचारतो, ‘तुमची ओळख कशी झाली? लग्नापूर्वी किती वेळा भेटलात? एकमेकांना काय लिहिले?’ आपली मुलगी खरे ते सांगते: ‘मामांनी स्थळ आणले, एकदा पाहायला आले, पंधरा दिवसांत लग्न झाले.’ आपल्या दृष्टीने हे अगदी रीतसर लग्न. त्याच्या दृष्टीने यातली प्रत्येक गोष्ट संशयाची. आपल्याकडे पत्रिका जुळते, त्यांच्याकडे पत्रे लागतात.

यावर उपाय खोटे प्रेमप्रकरण रचण्याचा नव्हे. तसे शिकवणारे दलाल आहेत आणि त्यांच्या नादाने एक खोटे उत्तर दिले की पुढची खरी उत्तरेही बुडतात. आपली रीत आहे तशी सांगावी आणि तिचा पुरावा द्यावा. सुपारी फुटली त्या दिवसाचे फोटो, साखरपुडा, पत्रिका, हळद, दोन्ही घरांची माणसे. लग्नानंतर जोडपे तुळजापूरला दर्शनाला जाते, घरी जागरण-गोंधळ होतो. त्याचेही फोटो ठेवावेत. आई भवानीच्या दारातला तो फोटो उद्या अर्जाला जोडला जाईल, असे आपल्या आजीला कधी स्वप्नातही वाटले नसेल. पण नवरी-नवऱ्याचे नाते दोन कुळांनी मान्य केले आहे, याचा त्याहून चांगला दाखला आपल्याकडे दुसरा नाही. पुढचे फोन, पाठवलेले पैसे, भेटीची तिकिटे हीही जपावीत.

नवरा बायकोकडे जाऊ लागला की कसे होते, हेही सांगितले पाहिजे. कारण आता आपल्या मुली परिचारिका, इंजिनिअर होऊन पुढे जातात आणि जावई मागून जातात. ब्रिटनमध्ये पूर्वी तेथे स्थायिक पुरुषाला बायको आणणे सोपे आणि स्त्रीला नवरा आणणे कठीण असे नियम होते. तीन स्त्रियांनी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली आणि १९८५ च्या मेमध्ये हा भेदभाव आहे असा निकाल मिळवला. सरकारने मग समानता आणली, पण ती कशी? बायांचे नियम सैल केले नाहीत, पुरुषांचेही नियम तितकेच घट्ट केले. खटला जिंकला आणि दार आणखी अरुंद झाले.

श्रोतेहो, विमानतळावर हार घालून निरोप दिला की आपल्याला वाटते, काम झाले. खरी गोष्ट तेथून सुरू होते. नोकरीच्या परवान्यावर असलेल्या माणसाची पत्नी अमेरिकेत ‘एच-४’ या वर्गात जाते. पदवी आहे, शिक्षकीचा अनुभव आहे, पण काम करण्याची मनाई. २०१५ च्या मेपासून, नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल तर पत्नीला कामाची परवानगी मागता येते. तोपर्यंत तिला तेथला सामाजिक सुरक्षेचा क्रमांकही मिळत नाही, आणि त्या देशात त्या क्रमांकावाचून पावलोपावली अडते. एका देशाला वर्षाच्या जागांपैकी ७ टक्क्यांहून अधिक जागा नाहीत असा तेथला नियम असल्याने भारतीयांची रांग फार लांब आहे. नागरिकाशी लग्न होऊन दोन वर्षे झाली नसतील तर पहिले ग्रीन कार्डही दोन वर्षांच्या मुदतीचे. मुदत संपण्याच्या सुमारास दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. म्हणजे त्या दोन वर्षांत नवऱ्याची सही हे बायकोच्या राहण्याचे साधन होऊन बसते. नवरा सज्जन असेल तर हा नुसता एक फॉर्म. तो सज्जन नसेल तर तोच फॉर्म तिच्या गळ्यातला फास होतो. तेथल्या कायद्याने छळ झालेल्या पत्नीला एकटीने अर्ज करण्याची सोय ठेवली आहे. पण ती सोय आहे हे तिला कळले तर!

आणि ज्या मुली जातच नाहीत त्यांचे काय? लग्न करून नवरा निघून जातो, कागद पाठवतो म्हणतो आणि पाठवत नाही. किंवा तिकडून घटस्फोटाचा हुकूम टपालाने येतो. अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाने २००९ पासून स्वतंत्र कक्ष चालवला आहे. विधी आयोगाने २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या २८७ व्या अहवालात अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी सर्वसमावेशक कायदा करावा आणि नोंदणी सक्तीची करावी अशी शिफारस केली. हातात आज काय आहे ते मात्र माहीत असावे. हिंदू विवाह कायद्यात २००३ साली दुरुस्ती झाल्यापासून पत्नी जेथे राहते तेथल्या न्यायालयात तिला दावा लावता येतो. धाराशिवच्या मुलीला त्यासाठी शिकागोला जावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालाप्रमाणे, ज्या परदेशी न्यायालयाचा अधिकार पत्नीने मान्य केला नाही आणि जे कारण आपल्या विवाहकायद्यात नाही, त्या कारणावर तेथे मिळवलेला घटस्फोट येथे चालत नाही. आणि स्त्रीला, तिचे उत्पन्न काहीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. टपालाने आलेला कागद पाहून ‘झाले ते झाले’ म्हणून बसणाऱ्या बापाने एवढे तरी ध्यानात ठेवावे.

परक्यांनाच दोष देत बसावे असाही आमचा हेतू नाही. आपल्या देशाच्या नागरिकत्व कायद्यातही, भारतीयाशी लग्न झालेल्या परदेशी व्यक्तीला अर्ज करण्यापूर्वी सात वर्षे येथे राहावे लागते. फाळणीनंतर सीमेपलीकडून येथे लग्न होऊन आलेल्या सुनांनी मुदतीच्या परवान्यांवर वर्षे काढली आहेत. दार सांभाळणारा प्रत्येक जण संशयी असतो. तेव्हा संशय मुळातच नाहीसा होईल या आशेवर राहण्यापेक्षा, तयारीने जाणे शहाणपणाचे.

ती तयारी आपल्या हाती आहे आणि फारशी खर्चाचीही नाही. लग्नाच्याच आठवड्यात नोंद करावी. मांडववाला ठरवतो तसा ग्रामसेवकही ठरवावा. स्थळ ठरवताना जावयाचा व्हिसा, पासपोर्टचा क्रमांक, कामाचे ठिकाण, पत्ता आणि आधी लग्न झाले होते की काय, हे स्पष्ट विचारावे. जो चांगला असेल तो रागावणार नाही. मुलीचे नाव सगळीकडे एक असावे. तिची पदवी पूर्ण होऊ द्यावी, भाषा शिकवावी, तिच्या नावावर थोडे पैसे असावेत, परतीच्या तिकिटापुरते तरी.

आणि शेवटची गोष्ट, जी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. पासपोर्ट, दाखले, पदव्या, सगळे मूळ कागद मुलीने स्वतःच्या ताब्यात ठेवावेत आणि एक प्रत माहेरी असावी. आपल्याकडे रीत अशी की, लग्न झाले की सासूबाई दागिने सांभाळायला घेतात आणि नवरा कागद. दागिन्यांचे काय व्हायचे ते होवो; कागद देऊ नयेत. दागिना गेला तर पुन्हा घडवता येईल. परमुलखात पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात गेला की माणूसच त्याच्या कपाटात जातो. कस्तुरबांच्या पिढीला ‘मी बायको आहे’ हे सिद्ध करण्यासाठी झगडावे लागले. आपल्या लेकींना त्याच्याही पुढचे वाक्य म्हणता आले पाहिजे: मी कोणाची बायको आहे हे तर खरेच, पण त्याआधी मी कोण आहे, याचे कागद माझ्या हातात आहेत.